चीक पाण्यात उतरत नाही

आमच्या गेंदी कुत्रीला पहिल्यांदा माज आला तेव्हा ती आठ महिन्यांची होती आणि माझी मुलगी बारा वर्षांची. २०१८चा एप्रिल. आमच्या जळगावकडच्या चोपड्यात त्या दिवसांत सकाळी नऊलाच फरशी तापते, म्हणून मागच्या खोलीत माठाजवळ ओलं पोतं टाकलेलं असायचं आणि त्यावर गेंदी पाय ताणून पडलेली. मुलगी पोतं बदलायला गेली आणि तिथूनच ओरडली, "मम्मी, गेंदीला काहीतरी लागलंय!" माठापासून दारापर्यंत थेंब पडले होते. मी आधी चारही पंजे तपासले, काच रुतली असेल म्हणून. मग शेपूट वर केली आणि हसू आलं.

"हिला पण आपल्यासारखंच?" मुलीने विचारलं. तिची स्वतःची पाळी सुरू होऊन तीनच महिने झाले होते. त्यामुळे प्रश्नात थोडी कीव होती आणि थोडा आनंदही, घरात आणखी कुणीतरी सोबतीला सापडल्याचा.

"हो," मी म्हटलं.

डी.फार्म. झालेली बाई, अठरा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर बसलेली, आणि एका अक्षरात चुकली. ते "हो" आम्हाला पाच पिल्लांना पडलं.

झालं असं, की आपल्यासारखंच म्हटल्यावर मी आपल्यासारखाच हिशोब केला. रक्त आहे तोवर जपायचं, रक्त थांबलं की मोकळं. आठ-नऊ दिवस गेंदीला कडी लावून आत ठेवलं. गेटबाहेर गल्लीतले सगळे टगे येऊन बसायचे, त्यांच्यावर पाणी मारायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. नवव्या-दहाव्या दिवशी थेंब फिके झाले, गुलाबीसर, मग नुसते पाणचट पिवळट. संपली पाळी, असं म्हणून मी तिला साबणाने आंघोळ घातली आणि दार उघडलं. मुलगी म्हणाली, "सुटली बिचारी." सुटलीच ती. संध्याकाळपर्यंत दिसली नाही.

कुत्रीचं गणित बाईच्या बरोबर उलटं असतं. आपल्याकडे बीज सुटतं, गर्भ राहत नाही, आणि मग गर्भाशयाचं अस्तर उतरून रक्त जातं. म्हणजे आपलं रक्त ही झाल्या गोष्टीची निरवानिरव. कुत्रीचं रक्त बीज सुटायच्या आधी येतं. अंगात इस्ट्रोजेन चढतं, गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या भरून येतात आणि त्यांतून रक्त पाझरतं. अस्तर उतरत नाही, पुढची तयारी चालू असते. सरासरी नऊ दिवस लाल, आणि लाली उतरली, शेपूट बाजूला व्हायला लागली की खरे दिवस सुरू. तेही सरासरी नऊ. काही कुत्र्या तर रक्त चालू असतानाही नराला जवळ येऊ देतात. म्हणून पहिल्या थेंबापासून पुरते तीन आठवडे मोजावे लागतात, रक्ताकडे बघून चालत नाही. हे मला गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पिल्लांची नोंद करायला गेले तेव्हा. "ताई, तुम्ही धोक्याच्या दिवसांत दार उघडलं आणि बिनधोक्याच्या दिवसांत कडी लावली," ते म्हणाले. माझ्या मेडिकलवरूनच औषधं घेऊन जाणारा माणूस. मी मान खाली घालून पावती घेतली.

खरं तर हे मला आमच्या आजोबांमुळे ठाऊक असायला हवं होतं. आमचं माहेर तालुक्यातच, तापीच्या अलीकडे, केळीचा पट्टा. घरात दोन-तीन गाई कायम. ओसरीतल्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असायचं आणि त्याच्या चौकटींमध्ये आजोबांचं पेन्सिलीचं अक्षर: डिझेल किती, मजुरी किती, कपिला कधी माजावर आली, कधी भरवली. गाय एकवीस दिवसांनी माजावर येते. माज ओसरल्यावर एक-दोन दिवसांनी पुष्कळ गाईंच्या शेपटीला थोडं रक्त लागलेलं दिसतं. आजोबा ते बघायचे आणि म्हणायचे, "रगत दिसनं म्हन्जे गाडी गयी." वेळ टळली, आता पुढच्या खेपेला बघा. तिथून अठरा-एकोणीस दिवस मोजून पेन्सिलीने फुली. म्हणजे एकाच अंगणात तीन तऱ्हा. कुत्रीला आधी, गाईला नंतर आणि बाईला काहीच न घडल्यावर. रक्त एकाच रंगाचं, तरी प्रत्येकीचं सांगणं वेगळं.

आजी अमळनेरकडची. तिची अहिराणी शेवटपर्यंत जरासुद्धा पातळ झाली नाही. गावात कुणाला पाय कापला, म्हैस व्याली, पोराचा घोळणा फुटला, की लोक आधी तिच्याकडे यायचे. ती सांगायची, "रगत देखीसन घाबरानं नही. कथाईन येस, कव्हय येस, कितला दिन येस, ते देखानं." कुठून येतं, कधी येतं, किती दिवस येतं, ते बघायचं. पुढे कॉलेजात मी जाडजूड पुस्तकं वाचली. त्यांतसुद्धा शेवटी याच तीन गोष्टी होत्या, फक्त इंग्रजीत.

पण आजीचं हे बोलणं म्हशीपुरतं, पोरांपुरतं. घरातल्या बायकांना कावळा शिवला की त्या मागच्या दाराशी बसत आणि त्यांना कुणी कथाईन, कव्हय, कितलं विचारत नसे. आजोबांच्या त्या कॅलेंडरवर कपिलेची तारीख होती, ट्रॅक्टरच्या ऑइलची होती. माझ्या मायची कधीच नव्हती.

गेंदीकडे परत येते. जून सरता सरता, बरोबर त्रेसष्टाव्या दिवशी, रात्री दोनला ती व्याली. दोन पिल्लं झाली आणि मग हिरवा, जवळजवळ काळा असा स्राव. मी इतकी घाबरले की त्याच डॉक्टरांना उठवलं. त्यांनी एकच विचारलं, "पिल्लं आल्यावर हिरवं दिसलं की आधी?" आल्यावर, म्हटलं. "मग झोपा." कुत्रीच्या वारेतच तो हिरवा रंग असतो. पिल्लू यायच्या आधीच हिरवं दिसलं आणि मागोमाग पिल्लू आलं नाही, तर वार सुटलेली असते आणि आतलं पिल्लू गुदमरत असतं. तेव्हा झोपायचं नाही, गाडी काढायची. नंतर जवळपास तीन आठवडे गेंदीचं तांबूस-तपकिरी जात होतं, रोज थोडं कमी. वास येत नव्हता, ती खात होती, पिल्लांना पाजत होती. ते ठीकच होतं. दीड-दोन महिने होऊनही लाल थांबलं नसतं तर दाखवायला हवं होतं.

बाळंतिणीचंही तसंच. पहिले तीन-चार दिवस लाल, मग तांबूस, मग पांढरट, सहा आठवड्यांपर्यंत. पण एका तासात पॅड भिजतंय, गुठळ्या पडतायत, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येतेय, हे "बाळंतिणीला जायचंच" या खात्यात टाकायचं नाही. तिथे तास मोजायला वेळ नसतो. एकशे आठला फोन करायचा.

एक गंमत सांगते. मागच्या पावसाळ्यात एक आजीबाई दुकानात आल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत नातीची लंगोटी. पाच दिवसांची नात. लंगोटीवर दोन लाल ठिपके. आजीबाईंचा चेहरा पार उतरलेला, आणि बोलायचीही चोरी, कारण दुकानात दोन पुरुष उभे. मी त्यांना आत बोलावलं. पोटात असताना आईची हार्मोन्स बाळालाही मिळत असतात. नाळ कापली की ती एकदम तुटतात. मग काही मुलींना पहिल्या आठवड्यात दोन-चार दिवस थेंबभर रक्त जातं, इवल्याशा पाळीसारखं. आपोआप थांबतं. नाळेतून रक्त येत नाही ना, शीतून येत नाही ना, दूध पितेय ना, जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं ना, एवढं विचारलं आणि तरी एकदा डॉक्टरांना दाखवा म्हटलं. आजीबाई पिशवीची गाठ मारत म्हणाल्या, "पाच दिवसांची नाही तं लागली पाठीमागं." मला हसू आलं आणि नंतर दुपारभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

काउंटरवर बसलं की रक्ताची सगळी रूपं येतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळीसच्या पुढे गेलं की घोळणा फुटलेली पोरं. आई डोकं मागे धरून, नाकाशी कांदा लावून आणते. डोकं मागे केलं तर रक्त घशात उतरतं आणि पोर ओकतं. पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा, दहा मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही. अर्ध्या तासात थांबलं नाही, किंवा सोबत हिरड्यांतूनही येतंय, अंगावर निळे डाग उठलेत, तर ते उन्हाचं नव्हे. एरवी नव्वद टक्के घोळणे नाकाच्या पुढच्या पडद्यावरचे, कोरड्या हवेचे, किंवा नखाचे. पोरं नाकात बोट घातल्याचं कबूल करत नाहीत.

कुत्र्याचं नाक मात्र उन्हाने फुटतं असं धरूनच चालायचं नाही. माणसाला जे किरकोळ ते त्याला बहुतेकदा गंभीर. आपल्याकडे पहिला संशय गोचिडीवर. गोचीड तापात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि एखाद्या सकाळी कुत्रं शिंकतं ते रक्तच शिंकतं. एक रक्ततपासणी, महिनाभर डॉक्सीसायक्लिन; वेळेत आलं तर पुष्कळ कुत्री वाचतात. माझ्याकडे ती चिठ्ठी येते तेव्हा वर नाव "टायगर" किंवा "मोती" असतं, आणि खाली माणसांचीच गोळी.

याच ओळखीचा लोक गैरफायदाही घेतात. "कुत्रं लंगडतंय, माझीच गुडघ्याची गोळी अर्धी देऊ का?" नका देऊ. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन त्याच्या जठराला भोक पाडू शकतात. आणि खरं सांगायचं तर तुमच्याही. एक काका पाच वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी ती गोळी घ्यायचे, केळीच्या बागेत वाकून काम म्हणून. त्यांची शी डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची व्हायला लागली. ते सोबत लोहाच्या गोळ्याही खात होते आणि लोहाने शी काळी होतेच, म्हणून महिनाभर कुणी लक्ष दिलं नाही. पण लोहाची काळी शी डांबरासारखी चिकटत नाही, आणि जिना चढताना धाप लावत नाही. वरच्या आतड्यातून किंवा जठरातून रक्त गेलं तर ते लाल दिसत नाही. लोक लाल शोधत बसतात. काकांना शेवटी तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं.

आमच्या गल्लीत भुरी नावाची कुत्री होती. तिच्या मागून वर्षभर थेंब पडायचे. "सारखी माजावर असते," असं म्हणून पोरं तिला दगड मारायची. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, आणि ते तीन आठवड्यांत आटोपतं. वर्षभर माज कुणाला असतो? डॉक्टरांनी बघितलं तर आत फुलकोबीसारखी गाठ. हा एक विचित्र कॅन्सर आहे, संबंधातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो, जिवंत पेशीच रुजतात. भटक्या कुत्र्यांत पुष्कळ दिसतो. आणि त्याचं औषध आठवड्याला एक असं विन्क्रिस्टिन, जे मी रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांसाठीही मागवते. ते मिळतं सदाफुलीपासून. माझ्या दुकानाच्या पायरीशी जी कुंडी आहे तीच सदाफुली, तिच्या शेजारी भुरी झोपायची. (पानं खाऊ घालून काही होत नाही, उलट विषबाधा होते, हे लिहिलेलं बरं, आपल्याकडे लोक लगेच पानं तोडायला येतात.) पाच इंजेक्शनांत भुरीचे थेंब थांबले. पोरं मग दुसऱ्या कुणाला तरी दगड मारायला गेली.

कपाशीच्या दिवसांत येतं ते रक्त मला सगळ्यात भीती घालतं, आणि ते दिसायला सगळ्यात कमी असतं. घोणस किंवा फुरसं चावलं की जखमेतून दोन थेंब, बास. पण तासाभराने माणूस थुंकतो तेव्हा थुंकीत लाल, लघवी लाल. रक्त गोठायचंच विसरतं. सरकारी दवाखान्यात त्यासाठी एक साधी परीक्षा करतात. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग आडवं करून बघायचं. पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय, लस चालू. यंत्र नाही, वीज नाही, भिंतीवरचं घड्याळ पुरतं. उंदराच्या औषधाचंही असंच आहे. ब्रोमॅडिओलोनची वडी कुत्र्याने खाल्ली तर त्या दिवशी ते उड्या मारतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरड्या पांढऱ्या पडतात, कुठून तरी रक्त यायला लागतं, आणि तोवर घरातले वडी विसरलेले असतात. उतारा आहे, व्हिटॅमिन के-१, पण विसरलेल्या वडीचं नाव डॉक्टरांना कोण सांगणार?

आता मायचं.

केळीच्या बागेत ज्यांनी काम केलंय त्यांना चीक माहीत असतो. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा गळतो, अंगावर पडतो तेव्हा काही दिसत नाही. वाळला की तपकिरी, मग काळपट. कुठल्याच साबणाने जात नाही. म्हणून बागेत जायची साडी वेगळी असते, सगळी डागांनी भरलेली, आणि ती कुणी कधी निरखून बघत नाही. २०१४ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मी चार दिवस माहेरी गेले होते. झोके, सांजोऱ्या, गप्पा. परतायच्या आदल्या दिवशी धुणं मी घेतलं. मायची बागेची साडी बादलीत टाकली आणि साबण आणायला गेले. आले तर पाणी गुलाबी.

चीक पाण्यात उतरत नाही.

मी साडी उलटी करून बघितली. आतल्या बाजूने, मागे, जिथे घड कापताना चीक उडूच शकत नाही तिथे डाग होते. काही जुने, काही नवे. माय तेव्हा अठ्ठावन्नची होती आणि पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. विचारलं तर म्हणाली, "उष्णता व्हई, दुसरं काय!" सब्जा पीत होती, गुलकंद खात होती. चार महिन्यांपासून. वडिलांना माहीत नव्हतं, भावजयीला माहीत नव्हतं. ती डाग पाडत नव्हती, डागांमध्ये डाग ठेवत होती.

मी तिच्यावर ओरडले. आज वाटतं ओरडायला नको होतं. पण मला तेव्हा काउंटरवरच्या बायका आठवत होत्या, ज्या पॅड मागताना आवाज खाली आणतात आणि मी तो कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत देते. मी स्वतः देते. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, हात तसाच चालतो.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, मग ते एक थेंब का असेना, एकदा का असेना, दाखवायचं. पुष्कळदा ते कोरडेपणाचं, बारीक मांसाच्या कोंबाचं निघतं. पण अशा साधारण दहा बायकांतल्या एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असतो. हा कॅन्सर लवकर रक्त दाखवतो, त्यातल्या त्यात बरं म्हणजे हेच. कुत्रीला पाळी जाणं हा प्रकार नसतो. ती म्हातारपणीही माजावर येत राहते आणि ते नेहमीचंच. तेच रक्त अठ्ठावन्नच्या बाईला आलं की नेहमीचं नव्हे. जळगावला सोनोग्राफीत मायचं अस्तर जाड निघालं. या वयात ते ४ मिलिमीटरच्या वर असलं की आतला तुकडा तपासतात. तुकडा तपासला, पहिली पायरी निघाली, पिशवी काढली. पुढे काही लागलं नाही.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे, नाहीतर लोक उलट्या बाजूला पळतात. चाळिशीतली बाई, पाळी जास्त जाते, "काढून टाका पिशवी, कटकट गेली." २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याच्या बातम्या आल्या आणि शासनाला समिती नेमावी लागली. ऊसतोडीला आपल्या चाळीसगाव-पारोळ्याकडूनही टोळ्या जातात. पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, कटिंग चहाच्या निम्मं. ८० मिलिलिटरच्या वर, आठ दिवसांच्या वर, दर तासाला पॅड बदलायला लागतंय, रात्री उठावं लागतंय, तर ते जास्त. त्याला गोळ्या आहेत, कॉपर-टीसारखं हार्मोनचं साधन आहे, थायरॉइड तपासायचा असतो. पिशवी शेवटी. आणि तोवर हिमोग्लोबिन बघायचं. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, २०१९-२१च्या पाहणीत. नंदुरबार-धुळ्याच्या पाड्यांत तर सिकलसेलही असतो. जिचं रक्त मुळातच तुटपुंजं, तिला "जास्त" व्हायला कमीच पुरतं.

मुलीला मी तारीख लिहायला लावली. मोबाइलमध्ये नको, भिंतीवर. तिला लाज वाटली, मग तिने एक बारीक त्रिकोण काढायचं ठरवलं. गेंदीसाठी गोल. आमचे हे एकदा म्हणाले, हे त्रिकोण गॅस सिलिंडरचे का? दोन वर्षांनी कळलं त्यांना. मुलगी आता नाशिकला शिकते, त्रिकोण तिच्याबरोबर गेले, गोल राहिले. पिल्लांनंतर डॉक्टरांनी गेंदीचं ऑपरेशन करून घ्या म्हणून तीनदा सांगितलं होतं. या उन्हाळ्यात नको, पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर बघू, असं करत आम्ही सात वर्षं काढली. ह्याला कारण नाही, आळसच.

गेल्या डिसेंबरात माय माझ्याकडे राहायला आली होती. भरिताचे दिवस, बाहेर शेकोटी. गेंदी आठ वर्षांची. दुसऱ्या दिवशी सकाळी माय माठाजवळ उभी. "हाई कितलं पानी पी राहिनी देख!" मी म्हटलं, पीत असेल. माय म्हणाली, काल तिनेच तिचं भांडं चारदा भरलं. मग ती भिंतीकडे गेली, चष्मा लावला आणि शेवटचा गोल शोधून बोटाने आठवडे मोजले. पाच.

मी गेंदीची शेपूट वर करून बघितलं. काहीच नाही. रक्ताचा ठिपका नाही, ओल नाही. सगळं स्वच्छ. पोट जरा फुगलेलं वाटलं, भाकरी तशीच पडलेली. मला तेवढ्यावर जावंसं वाटेना. मायने शाल घेतली आणि रिक्षा बोलावली. माज संपल्यावर दोन ते आठ आठवड्यांत वयस्क कुत्रीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो. तोंड उघडं असेल तर बाहेर दिसतो. बंद असेल तर काहीच दिसत नाही, नुसती तहान लागते, आणि ती तऱ्हा जास्त वाईट. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. कुत्रीचं गर्भाशय दोन शिंगांचं असतं, एरवी पेन्सिलीएवढं. डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवलं ते भरलेल्या केळ्यांएवढं, दोन्ही बाजूंनी. मायने ट्रेकडे बराच वेळ बघितलं. "मना असाच व्हता का?" तिने मला विचारलं. तुझं छोटं होतं, मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. मी तेव्हा बघितलंच नव्हतं.

गेंदी आठवड्याने उठून हिंडायला लागली. माय तिला "मन्ही जोडीदारीन" म्हणायला लागली आणि दोघी शेकोटीशी बसायला लागल्या.

या आखाजीला मी माहेरी गेले. माय सत्तरची, तरी घड मोजायला बागेत जातेच. धुण्यात तिची साडी हाताला आली. काठाजवळ एक नवा डाग होता, तपकिरी. मी तो उजेडात धरला. मागे ती उभी आहे हे मला कळलं नव्हतं.

"केळना चीक शे तो," ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. मग तिनेच माझ्या हातातून काठ घेतला, बादलीत बुडवला, आणि आम्ही दोघी पाण्याकडे बघत उभ्या राहिलो.